चड्डी खराब करणारं लेकरू आणि आपला स्वाभिमान



आपल्या व्यासपीठांवर आरक्षणावर बोललं जातं, संविधानावर बोललं जातं, अत्याचारांवर बोललं जातं. बोललंच पाहिजे. पण काही प्रश्न आपल्या घराघरांत असूनही व्यासपीठावर कधीच येत नाहीत. आज अशाच एका प्रश्नावर लिहितोय. शाळेत जाणाऱ्या लेकराला रोज चड्डीत शी होते, हा तो प्रश्न. वाचून कुणाला हसू येईल, कुणाला किळस येईल, कुणी म्हणेल याचा चळवळीशी काय संबंध? तो संबंध सांगण्यासाठीच हा लेख आहे. आधी पूर्ण वाचा, मग ठरवा.

लेकरू माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीचं. तिचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही. तो उद्या मोठा होईल, हे वाचेल, तेव्हा त्याला कुणासमोर मान खाली घालायला लागू नये. लिहायची परवानगी बहिणीने दिली आहे. ती म्हणाली, "लिही दादा. मला त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला एवढं मारलं नसतं."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकला सातपूरच्या बाजूला आमचं विहार आहे. रविवारची वंदना झाली आणि मी बोलायला उभा राहिलो. विषय महाडचा होता. पाण्यावरचा हक्क, माणूसपणाचा हक्क, विटाळाची कल्पना कुणी आणि कशासाठी जन्माला घातली, असं सगळं मी रंगात येऊन सांगत होतो. तेवढ्यात बायकांच्या बाजूला चुळबुळ झाली. दोघी-तिघी सरकून बसल्या. एकीने पदर नाकाला लावला. माझी बहीण उठली, सहा वर्षांच्या पोराला बखोटीला धरून तिने बाहेर नेलं. बाहेरून फटका मारल्याचा आवाज आला आणि मग त्याचं रडणं. मी क्षणभर थांबलो आणि पुढे बोलत राहिलो. समोर विटाळावर भाषण, मागे विटाळ मानून हाकललेलं माझं स्वतःचं भाचरं, आणि मी माईक सोडला नाही. त्या दिवशीच्या टाळ्या मला आजही टोचतात.

हा त्रास तेव्हा दीड वर्षापासून चालू होता. त्याआधी तो व्यवस्थित संडासला जायचा. मग हळूहळू चड्डीला डाग लागायला लागले, नंतर दिवसातून तीन-चार वेळा पातळ शी व्हायला लागली. विचारलं तर म्हणायचा, "मला कळलंच नाही." हे वाक्य ऐकलं की सगळ्यांचं टाळकं सरकायचं. एवढी घाण झाली, वास सुटला, आणि याला कळलं नाही? मेहुण्यांनी त्याला खोटारडा ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, लाडाने बिघडला. शेजारीण म्हणाली, आई कंपनीत जाते, लेकराला वळण कोण लावणार? कुणीतरी भगताचं नाव सुचवलं. मित्रांनो, त्या घरात बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून भिंतीवर लावलेल्या आहेत. त्या फ्रेमखाली झोपणाऱ्या पोराच्या दंडात काळा दोरा बांधला गेला. माणूस हतबल झाला की काय काय करतो, हे मी माझ्याच घरात पाहिलं.

घरगुती उपायही झाले. एरंडेल पाजलं. विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून मागून घातला, साबणाची सळई घातली. पोरगं किंचाळायचं, चौघांनी धरून ठेवायचं. एका खासगी दवाखान्यात नेलं तर पातळ शी ऐकून पोट न तपासताच जुलाब बंद व्हायचं औषध दिलं. त्याने त्रास दुप्पट झाला. का झाला, ते पुढे सांगतो.

आणि बहीण? ती पहाटे साडेचारला उठायची. रात्रीच्या चड्ड्या अंधारातच धुवायची, कारण उजाडल्यावर नळावर बायका जमतात. त्या दारात वाळत न घालता घरात पंख्याखाली वाळवायची. लग्नाला जायचं तिने बंद केलं. बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे त्रिरश्मी लेणीच्या पायथ्याला जातो, ती दोन वर्षं आली नाही. मला वाटायचं, नोकरीमुळे जमत नसेल. मी कार्यकर्ता, गावभरच्या अडचणी मला माहीत. बहिणीची माहीत नव्हती.

मित्रांनो, लेकराने चड्डी खराब केली म्हणून आई वैतागते हे समजण्यासारखं आहे. पण तिच्या मारण्यात नुसता वैताग नव्हता, भीती होती. ती कशाची, याचा मी खूप विचार केला.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेत बाबासाहेब आपल्या बायकांशी स्वतंत्र बोलले. लुगडं नेसायची पद्धत बदला, जातीची ओळख सांगणारे दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असं त्यांनी सांगितलं. २० जुलै १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेतही त्यांनी स्वच्छतेचा आग्रह धरला. आपल्या आज्या-पणज्यांनी ते मनावर घेतलं. फाटकं असेल पण धुतलेलं असेल, झोपडी असेल पण सारवलेली असेल. ज्यांना हजारो वर्षं घाण म्हटलं गेलं, त्यांनी स्वच्छतेला स्वाभिमानाचं हत्यार केलं. याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला आपली माणसं काळारामाच्या दाराशी गेली आणि अडवली गेली, ती याच विटाळाच्या नावाखाली. म्हणून आपल्या घरात स्वच्छता ही नुसती सवय राहिलेली नाही. आपल्याकडे बोट दाखवणाऱ्याला दिलेलं ते उत्तर आहे.

आता त्या घरात सहा वर्षांचं लेकरू चड्डीत शी करतं. आईला काय वाटतं? तिला वाटतं, तीन पिढ्यांची मेहनत या पोराने पाण्यात घातली. "लोकं काय म्हणतील" याचा आपल्या वस्तीत अर्थ वेगळा आहे. दुसऱ्याच्या घरात लोक म्हणतील, पोरगं लाडावलंय. आपल्या घरात लोक म्हणतील, "हे असेच असतात." ते वाक्य कुणी बोलायच्या आधीच आई पोराला मारून मोकळी होते. म्हणजे तो फटका आईच्या हाताने पडतो, पण त्यामागचा जोर शेकडो वर्षांच्या अपमानाचा असतो. आणि तो पडतो कुणावर? ज्याने आजवर कुणाचा अपमान केलेला नाही अशा लेकरावर.

बाबासाहेबांनी स्वच्छ राहा म्हटलं ते माणसाने ताठ उभं राहावं म्हणून. आजारी लेकराला घाणेरडा म्हणा असं त्यांनी कुठे सांगितलं? शिकवण आपल्याला मिळाली, पण तिची धार आपण आपल्याच लेकरावर चालवली. हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

माझ्या आईचं आणखी वेगळं. तिने अठ्ठावीस वर्षं सफाई खात्यात काढली. झाडू, गटार, चेंबर, सगळं केलं. घरी येऊन दोन वेळा अंघोळ केल्याशिवाय तिने आम्हाला कधी जवळ घेतलं नाही. तिची नोकरी वारसाहक्काने मला मिळत होती. तिने तो अर्ज मला भरू दिला नाही. अशी बाई नातवाची चड्डी बघून म्हणाली, "जन्मभर लोकांचा गू काढला. आता घरात नको." आम्ही सगळे गप्प बसलो. तिला काय बोलणार?

विहारातल्या त्या रविवारनंतर मी बहिणीला घेऊन सरकारी रुग्णालयात गेलो. सोबत आईही आली. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पोराला झोपवलं, पोट चाचपलं आणि बहिणीचा हात धरून बेंबीच्या खाली डाव्या बाजूला ठेवला. आत गोळा लागत होता. "हे काय आहे माहितीये? साठलेली शी आहे. तुमच्या मुलाला जुलाब नाहीयेत. त्याला बद्धकोष्ठ आहे."

आमचा विश्वास बसेना. दिवसातून चार वेळा पातळ होणाऱ्याला बद्धकोष्ठ? मग त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. ते तुम्हीही समजून घ्या, कारण सगळी गुरुकिल्ली तिथेच आहे.

कधीतरी एकदा लेकराला शीचा खडा होतो. ताप येऊन गेल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर, दूध-बिस्किटांवरच पोट भरल्यावर, कशानेही होतो. बाहेर येताना तो चिरतो, दुखतं, कधी रक्त येतं. लेकरू घाबरतं आणि पुढच्या वेळी शी धरून ठेवतं. कोपऱ्यात जातं, पाय आवळतं, टाचा उचलून उभं राहतं. आपल्याला वाटतं ते जोर लावतंय. खरं तर ते शी अडवत असतं. अडवलेली शी मोठ्या आतड्यात राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती आणखी टणक आणि मोठी होते. ती बाहेर येताना आणखी दुखतं, म्हणून लेकरू आणखी अडवतं. असे महिने गेले की आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल पडतो. भरल्यावर मेंदूला जी वर्दी जायची ती जाईनाशी होते. मग वरून येणारी पातळ शी त्या टणक गोळ्याच्या कडेने झिरपते आणि चड्डीत येते. ती येताना लेकराला समजत नाही. वासाची त्याच्या नाकाला इतकी सवय झालेली असते की तोही त्याला येत नाही. "मला कळलंच नाही" हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. दीड वर्ष आम्ही एका खरं बोलणाऱ्या पोराला खोटारडं म्हणत होतो. आणि जुलाब बंद व्हायचं औषध दिल्यावर तर आतला गोळा आणखीच घट्ट झाला.

बाई सांगत होत्या आणि माझी आई चित्राकडे टक लावून बघत होती. मग ती म्हणाली, "हे तर चोकअप झालेल्या चेंबरसारखंच झालं की, बाई. खाली गाळ बसतो आन कडंनं पाणी पाझरतं. लोकं ओरडू राहतात, पाणी लई झालं, पाणी लई झालं. पाणी नाय काढायचं, गाळ काढायचा असतो." डॉक्टर बाई हसल्या. म्हणाल्या, "आजी, माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत. हेच मी आता इतर आयांना सांगणार."

मित्रांनो, ज्या कामाची माझ्या आईला आयुष्यभर लाज वाटली, त्या कामाच्या ज्ञानाने तिला तिचा नातू समजला. घरी येताना रिक्षात तिने त्याला मांडीवर घेतलं. त्याची चड्डी तेव्हाही खराब झालेली होती.

आता उपचार. हा भाग कंटाळवाणा आहे, पण कामाचा आहे. डॉक्टरांनी आधी काही दिवस औषध देऊन आतला साठा मोकळा केला. त्या दिवसांत शी खूप होते, घाबरू नये, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. त्यानंतर शी रोज मऊ राहील असं औषध सुरू झालं. आमच्याकडे पाण्यात मिसळायची पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर होती, काहींना लॅक्टुलोजचं पातळ औषध देतात. प्रमाण लेकराच्या वजनावर डॉक्टरच ठरवतात, शेजाऱ्याची बाटली वापरू नये. हे औषध महिनोन्महिने घ्यावं लागतं, कधी वर्षभर किंवा त्याहून जास्त, कारण ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला तेवढा वेळ लागतो. इथेच आम्ही चुकलो. तीन आठवड्यांत चड्डी कोरडी राहायला लागली आणि मेहुण्यांनी औषध बंद केलं, "सवय लागेल" म्हणून. दिवाळीपर्यंत सगळं पहिल्यासारखं झालं. अशा औषधाने सवय लागत नाही. अर्ध्यात सोडल्याने मात्र आजार परत येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बसण्याची वेळ. जेवण झालं की आतड्याची हालचाल वाढते, म्हणून जेवणानंतर थोड्या वेळाने पाच-दहा मिनिटं लेकराला बसवायचं. पाय टेकलेले पाहिजेत. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा डबा ठेवायचा, गुडघे वर यायला हवेत. शी झाली नाही तरी "बसलास, शाब्बास" म्हणायचं. शाबासकी बसण्याला द्यायची, आणि चड्डी खराब झाली तर शिक्षा करायची नाही. खाण्यात भाकरी, डाळ, पालेभाजी, पेरू, पपई, आणि दिवसभर पाणी. दूध-बिस्किटं-मॅगी कमी. पण एवढा साठा झाल्यावर नुसत्या पपईने भागत नाही, औषध लागतंच. बहिणीने कॅलेंडरवर रोजची नोंद ठेवली. आजही डॉक्टर तेच आधी बघतात.

यात आळस नाही, बदमाशी नाही आणि आईचा दोषही नाही. चार वर्षांच्या पुढची मुलं अशी चड्डी खराब करतात तेव्हा दहातल्या आठ-नऊ जणांमागे हेच साठलेलं बद्धकोष्ठ असतं. जगभरच्या पाहण्यांनुसार शंभरातल्या एक ते चार मुलांना हा त्रास असतो. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात एखादं तरी असू शकतं. पण प्रत्येक आईला वाटतं, सगळ्या जगात माझं एकटीचंच असं आहे. कारण कुणी बोलत नाही.

आता मला तो प्रश्न विचारू द्या जो डॉक्टरांच्या केसपेपरवर नसतो. आमच्या पोराने शी धरून ठेवायला नेमकी केव्हा सुरुवात केली? आठवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं. चौथ्या वर्षाच्या पुढे ते जुनी भाड्याची खोली सोडून वस्तीत राहायला आले. जुन्या खोलीत आत संडास होता. इथे सार्वजनिक. सकाळी रांग. दाराला कडी नाही, आत दिवा नाही. भांडं मोठ्या माणसाच्या मापाचं, लेकराचे पाय दोन्हीकडे पुरत नाहीत, आत पडेन अशी भीती. बाहेरून "आटप लवकर" म्हणून दारावर थापा. आपण म्हणतो लेकरू शी अडवतं. अरे, त्याला शी करायला जागा कुठे दिली आपण?

पुढे शाळा. सकाळी सातला घरातून निघायचं, दुपारी एकला परत. तिथल्या संडासात पाणी नाही, एकाला कायमचं कुलूप. तासाला हात वर केला तर "मधल्या सुट्टीत जा." मधल्या सुट्टीत मोठी पोरं दारावर लाथा मारणार. सहा तास धरून ठेवणं हा त्या लेकराचा रोजचा अभ्यास झाला. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळे संडास लिहिलेले आहेत, आणि कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. २ ऑक्टोबर २०१४ पासून देशभर संडास मोजले गेले. मोजलेल्या संडासांपैकी पाच वर्षांचं लेकरू न घाबरता किती ठिकाणी बसू शकतं, हे कुणी मोजलं? आमच्या शहरात सिंहस्थ येतो तेव्हा साधुग्रामात संडासांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहतात. २०१५ ला राहिल्या, येत्या सिंहस्थालाही राहतील. काही महिन्यांच्या पाहुण्यांसाठी जे जमतं, ते बारा वर्षं इथेच वाढणाऱ्या लेकरांसाठी का जमत नाही? हा प्रश्न आरोग्याचा आहे आणि पूर्णपणे राजकीय आहे.

शाळेतच पुढचा प्रसंग घडला आणि तिथे माझी खरी परीक्षा झाली. भाचा घरी येऊन म्हणाला, "मामा, बाईंनी मला दाराजवळ बसवलं. खाली पेपर टाकून. एकट्याला." माझ्या डोळ्यांसमोर साताऱ्याची शाळा आली. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसणारा भीमराव आला. रक्त उसळलं. मी लगेच फोन लावायला घेतले. दहा कार्यकर्ते, निवेदन, पत्रकार, संध्याकाळपर्यंत शाळा हलवून टाकतो, असं ठरवलं.

बहिणीने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, "दादा, तू मोर्चा काढशील. फोटो छापून येईल. तुझा विजय होईल. आणि उद्यापासून सगळ्या शाळेला माहीत होईल की तो हाच, चड्डीत करणारा. त्याला त्याच शाळेत दहावीपर्यंत बसायचंय."

मी चिडलो. म्हटलं, अन्याय सहन करायचा का मग? ती म्हणाली, "सहन कर असं कुठं म्हणतेय? पोराला झाकून लढ."

पोराला झाकून लढ. चळवळीत इतकी वर्षं घालवून हे वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. आपण पीडिताला पुढे करून लढायला शिकलो. कित्येकदा ते गरजेचं असतं. पण लेकराच्या बाबतीत त्याची अब्रू हाच मुद्दा असतो, आणि ती उघडी करून मिळवलेला न्याय त्याच्या काय कामाचा?

आम्ही दोघंच गेलो. मुख्याध्यापकांना भेटलो, डॉक्टरांची चिठ्ठी दिली आणि चार गोष्टी मागितल्या. तो विचारेल तेव्हा, तास चालू असला तरी, संडासला जाऊ द्यायचं. त्याच्या कपड्यांची पिशवी ऑफिसमध्ये ठेवायची आणि त्याने बोट वर केलं की काही न विचारता द्यायची. वेगळं बसवायचं नाही. आणि वर्गात या विषयावर एक शब्द काढायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं, हेही मी शांतपणे सांगितलं, लेखी दिलं, पोच घेतली. वर्गशिक्षिका आल्या. त्यांनी जातीमुळे केलं का? मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, बाकीची मुलं तक्रार करतात, मला सुचलं ते केलं. कदाचित खरं असेल. पण एवढ्याशा लेकराला वेगळं बसवणं हेच पहिल्यांदा "सुचतं", ते कुठून सुचतं, याचा विचार त्यांनीही करावा आणि आपणही. तीन मागण्या त्यांनी पाळल्या. कुलूपबंद संडास उघडायला आणखी सात महिने आणि पालकसभेतल्या अकरा आयांच्या सह्या लागल्या. त्या अर्जात आमच्या पोराचा उल्लेख नव्हता. फक्त "विद्यार्थ्यांसाठी" असं लिहिलं होतं. तो मोर्चा मी काढला नाही, पण कुलूप उघडलं.

आणखी एक सांगायचं राहतंय. शाळेत पोराला काही झालं की फरशी पुसायला कुणाला हाक मारत होते? मावशीला. ती मावशी कुठल्या वस्तीतून येते, हे वेगळं सांगायला नको. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ ला आणि पुन्हा २०१३ ला कायदा झाला, तरी दुसऱ्याची घाण कुणी काढायची हे या देशात जन्मानेच ठरतं. मुख्याध्यापकांकडे आम्ही त्या मावशीसाठी हातमोजेही मागितले. माझ्या आईने सांगून पाठवलं होतं, "तिला आधी विचारा, ती काय म्हणते."

तर मित्रांनो, तुमच्या ओळखीत अशी आई असेल, आणि असतेच, तर काय करायचं? सल्ला नंतर द्या. आधी तिला म्हणा, "हे तुझ्यामुळे झालं नाही." माझी बहीण हे वाक्य ऐकून दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास रडली होती. मग तिच्याबरोबर दवाखान्यात जा, कारण रोजंदारीवरच्या बाईला एक खाडा परवडत नाही आणि एकटीला डॉक्टर काय बोलले ते लक्षात राहत नाही. अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक येतं, त्यांच्यासमोर हे लपवू नका. बापाला धरून बसवा. मारल्याने लेकरू आणखी अडवतं आणि आजार वाढतो, हे त्याला एका पुरुषाने सांगितलं तर जास्त पटतं. माझ्या मेहुण्यांना मी सांगितलं. आता जेवणानंतर तेच पोराला घेऊन जातात, दाराबाहेर उभं राहून पाढे म्हणतात.

काही खुणा दिसल्या तर एक दिवसही थांबू नका. जन्मल्यावर पहिल्या दोन दिवसांत बाळाला शी झालेली नसणं, पोट फुगणं, हिरवी उलटी, वजन न वाढणं, शीतून वारंवार रक्त, पायांत अशक्तपणा, कमरेखाली मणक्यावर खड्डा किंवा केसांचा पुंजका. यामागे आतड्याचा किंवा मज्जारज्जूचा जन्मजात दोष असू शकतो. आणि नीट जाणारं लेकरू अचानक चड्डीत करायला लागलं, घाबरलेलं दिसलं, कुणा माणसाजवळ जायला नको म्हणालं, तर त्याला जवळ घेऊन हळूच विचारा. त्याच्याशी कुणी वाईट वागलं असण्याचीही शक्यता असते.

भाचा आता आठ वर्षांचा आहे. औषध अजून थोडं चालू आहे. महिन्यातून एखादा दिवस घसरतो, विशेषतः परीक्षेच्या वेळी. गेल्या महिन्यात विहारातच झालं. या वेळी त्याने आजीच्या कानात सांगितलं. आजी त्याला घेऊन मागे गेली, धुतलं, दुसरी चड्डी घातली, आणि दोघं परत येऊन जागेवर बसली. बाजूची एक बाई सरकली. तेव्हा माझी आई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "पोट हाय बाई, चुकतं कधी कधी. सरकू नको, बस."

ती बाई बसली. मीही त्या दिवशी बोलणार होतो. माईक दुसऱ्याकडे दिला आणि खाली येऊन भाच्याशेजारी बसलो.

विटाळ मनुस्मृतीत होता, तो आपण जाळला. आपल्या मनात जो उरलाय तो लेकरांच्या अंगावर काढू नका. लेकराला झाका, आईला धरा, आणि संडासाचं कुलूप उघडायला लावा.

जयभीम! नमो बुद्धाय!